राजवाड्याचं समतानगर झालं, त्याची गोष्ट

निळी_शाई (धागाकर्ता)

जुलैमध्ये आमचे आबा, म्हणजे थोरले चुलते वारले म्हणून गावी गेलेलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती इथे टाकतो, लांबलंय, सांभाळून घ्या.

गाव सातारा जिल्ह्यातलं, नाव घेत नाही कारण गावातले दोघंतिघं इथे वाचतात. आमच्या वस्तीला सगळे राजवाडा म्हणायचे. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, सातारा-सांगली पट्ट्यात महारवाड्याला राजवाडा म्हणायची पद्धत आहे, कागदावर महारवाडा आणि बोलताना राजवाडा. कुणी म्हणतं मान देऊन म्हणतात, कुणी म्हणतं चेष्टा आहे, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पुण्यात हॉस्टेलला नाशिककडचा रूममेट होता, त्याला म्हणलं आमचं घर राजवाड्यात, तर गडी महिनाभर मला संस्थानिक समजत होता. साताऱ्यात खराखुरा राजवाडा आहे, त्या नावाचा बसस्टॉप आहे, त्यामुळे त्याची पण चूक नाही. मी पण लगेच खुलासा केला नाही. का नाही केला ते समजून घ्या.

तर 2 डिसेंबर 2020 ला मंत्रिमंडळाने ठरवलं की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवरून पडलेली नावं काढायची, महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा सगळीच, आणि त्याजागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर असली नावं द्यायची. जीआर पण त्याच महिन्यात निघाला. आमच्या ग्रामपंचायतीने काम पटकन केलं, वस्तीच्या तोंडाला निळी पाटी, पांढऱ्या अक्षरात समतानगर, खाली सरपंच-उपसरपंचांची नावं जरा जास्तच ठळक. फीत आबांनीच कापलेली, फोटो आहे घरात.

आबा गेले त्या दिवशी पावसाची झड लागलेली. गावाची स्मशानभूमी नदीकडेला आहे, पत्र्याची शेड, लोखंडी सांगाडा, बसायला बाकडी, सगळं आहे. आमची ओढ्यापलीकडे, म्हणजे नुसती जागा आहे, स्मशानभूमी म्हणवत नाही तिला. शेड नाही, रस्ता नाही, ओढ्यावर पूल नाही. तिरडी खांद्यावर घेऊन गुडघ्याच्या वर पाण्यातून गेलो, पुढचा माणूस घसरला की मागच्याने जोर धरायचा असं करत करत. लाकडं ओली. दोन जुने टायर आणि डिझेल टाकलं तेव्हा कुठे धरलं, तोवर चार पोरं बांबूवर पत्रा धरून सरणावर आडोसा करून उभी, धूर सगळा त्यांच्या तोंडात. सरपंच तात्या आलेले, आबांचे शाळासोबती, माणूस वाईट नाही. छत्री घेऊन ओढ्याच्या अल्याड उभे राहिले ते शेवटपर्यंत. डोळे पुसताना पण दिसले.

नंतर मी त्यांना म्हणलं, तात्या, आबांना नदीवर शेडमध्ये नेलं असतं तर? तर म्हणाले, "आरं मग न्यायचं की, कोण आडवतंय?"

खरंच कुणी अडवत नाही. कुणी या पण म्हणत नाही. आणि आमच्यातलं एकसुद्धा सरण आजवर तिथे लागलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्टँडवरच्या किराणा दुकानात गेलो, गल्ल्यावर सातवी-आठवीतलं पोरगं बसलेलं. सामान घरी पोचवायचं म्हणून पत्ता सांगितला, समतानगर. त्याने वर न बघता आत आवाज दिला, "पप्पा, समतानगरचं हायती." आता यात वाईट काहीच नाही, बरोबर? पण तो सूर. त्याच्या आज्ज्याच्या तोंडून "राजवाड्याचं हायती" मी त्याच दुकानात, त्याच सुरात ऐकलेलं आहे. पोराला राजवाडा हा शब्द माहीत असेलच असं पण नाही. तीन-चार वर्षांत नव्या शब्दाला जुना वास लागला.

म्हणून विचारतो, तुमच्याकडे पाट्या बदलल्यावर काय झालं?

कोकणचा_राघू

निळी शाई, आबांना आदरांजली. वाचताना आमच्या वहाळाची आठवण झाली, तिथेपण हीच कथा.

नावाचं म्हणाल तर आमच्याकडे रत्नागिरीत उलटंच भांडण झालं. कोकणात अख्खं गावच जातवार वाड्यांचं, कुणबीवाडी, तेलीवाडी, सुतारवाडी, ब्राह्मणआळी, आणि आमची बौद्धवाडी. हे नाव आम्हाला कुणी दिलेलं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली त्यानंतर आमच्या आजोबांच्या पिढीने वाडीचं जुनं नाव टाकलं आणि हे घेतलं, पत्रावर बौद्धवाडी लिहिलं की पोस्टमन मुद्दाम जुनं नाव खोडून लिहायचा, तरी लिहीत राहिले. आता ग्रामसेवक आला कागद घेऊन की नाव बदला, समतानगर घ्या. मुंबईच्या मंडळाने खोलीवर मीटिंग लावली आणि एका वाक्यात उत्तर पाठवलं की बौद्ध ही जात नाही. विषय तिथेच थांबला. तेलीवाडी, सुतारवाडीच्या पाट्या अजून तशाच आहेत बरं का, त्यांच्याकडे ग्रामसेवक गेल्याचं ऐकिवात नाही.

आपला_नम्र

राग मानू नका पण मी पस्तीस वर्षं शहरात राहतो, मला माझ्या शेजाऱ्यांची, ऑफिसातल्या कुणाचीच जात माहीत नाही आणि मी विचारत पण नाही. खेड्यात असेल थोडंफार. पण दर दोन महिन्यांनी असे धागे काढून आपणच ते जिवंत ठेवतो असं नाही का वाटत? नाव बदललं तरी तक्रार, नाही बदललं तरी तक्रार.

वैशाखी

आपला नम्र, तुम्हाला माहीत नाही कारण तुम्हाला माहीत असायची कधी गरज पडली नाही. माझं आडनाव 'कर' वालं आहे, गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. पुण्यात फ्लॅट बघायला गेले तेव्हा काकू एकदम खूश, शाकाहारी का, गणपती बसवता का, सगळं गोड गोड. सामान लागलं, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावला. काकू गॅसचा माणूस आला म्हणून वर आल्या, फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे तुम्ही." वाक्य पूर्ण केलं नाही. भांडण नाही, शिवी नाही, अपमान नाही. अकरा महिने झाल्यावर भाचा येणार आहे म्हणून खोली सोडायला सांगितलं. भाचा आलाच असेल, मी कशाला खोटं म्हणू. पण पुढच्या घरी मी फोटो बेडरूममध्ये लावला, आणि त्याची लाज मला आजही काकूंपेक्षा माझीच जास्त वाटते.

आपला_नम्र

वैशाखीताई, ओके. मला हे असं माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मागे घेतो.

गोदाकाठ

नावावरून विषय निघालाय म्हणून. आमच्याकडे नावासाठी काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे, पण नव्या पोरांना नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. ठराव एकमताने, आणि त्याच्या पुढच्या दिवसांत मराठवाड्यातल्या गावागावांत वस्त्या पेटल्या. नांदेडकडे पोचीराम कांबळेंना जिवे मारलं. प्रत्यक्षात नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला, ते पण नामांतर नाही, नामविस्तार. साडेपंधरा वर्षं, एका पाटीसाठी.

आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती आगीचं फार सांगत नाही, ज्वारीचं सांगते. कणगी पेटली ना, की ज्वारी आधी लाह्यांसारखी फुटते म्हणे, तडतड तडतड, आणि वास येतो तो भुकेचा येतो. ते लपलेले उसात, सगळ्यांना भूक लागलेली, आणि स्वतःच्या घराच्या धान्याचा भाजका वास येतोय. अजून ती घरात लाह्या करत नाही.

त्यामुळे पाटीने काय होतं असं कुणी म्हणलं की मी गप्प बसतो. काहीच होत नसतं तर त्यांनी एवढी घरं कशाला जाळली असती.

निळी_शाई (धागाकर्ता)

गोदाकाठ, यावर काय लिहू. माझा मुद्दा पाटी नको असा नव्हता, पण आता वाचताना तसा वाटतोय खरा. तुमच्या लोकांनी नाव मागितलं, राघूच्या आजोबांनी नाव घेतलं, आम्हाला ग्रामपंचायतीने आणून दिलं. आमच्यातल्या कुणालाही विचारलं नव्हतं काय हवंय म्हणून. बहुतेक मला तिथेच टोचतंय.

हलगीवाला

सगळ्यांचं वाचलं. आता जरा कडू. आमच्या गावात जीआर आला तेव्हा महारवाड्याचं भीमनगर झालं आणि मांगवाडा भिंतीला भिंत लागून म्हणून तो पण भीमनगरात घातला. आम्ही म्हणलं अण्णाभाऊ साठे नगर करा, तर पलीकडचीच पोरं म्हणाली बाबासाहेब तुमचे नाहीत का. आहेत ना, आमच्या पण भिंतीवर आहेत. पण विहिरीवर, लग्नात, पंगतीत आमच्याशी तुमचं काय होतं आणि आहे ते पण लिहा कधीतरी. पोरगी द्यायची वेळ आली की समतानगरात पण दोन आळ्या असतात.

राज्यात अनुसूचित जाती 59 आहेत आणि आरक्षण 13 टक्के, त्यात कुणाच्या वाट्याला किती आलं हे विचारलं की लगेच फूट पाडतो म्हणतात. सुप्रीम कोर्टाचा वर्गीकरणाचा निकाल, म्हणजे अनुसूचित जातींच्या आरक्षणात पोटगट करता येतात असा, आला 1 ऑगस्ट 2024 ला, नेमकी अण्णाभाऊंची जयंती. मिरवणुकीतच मोबाईलवर कळलं, हलगी थांबवून वाचून दाखवलं एकाने.

भिमाईचा_नातू

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निळी_शाई (धागाकर्ता)

वर्गीकरणावर वेगळा धागा काढा प्लीज, इथे मारामारी नको. पण हलगीवाला दादांचं पहिल्या परिच्छेदातलं मला मान्य आहे, आमच्या ओढ्यापलीकडच्या जागेत पण मातंग समाजाची सरणं वेगळ्या कोपऱ्यात लागतात. हे मी मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं. मुद्दाम नाही, पण लिहिलं नव्हतं.

पोतडी

माझा किस्सा अवांतर आहे की नाही ठरवा. सरकार म्हणतं महार हा शब्द पाटीवरून काढा. आणि तेच सरकार पोराच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला म्हणतं, जात पडताळणीची व्हॅलिडिटी हवी असेल तर 10 ऑगस्ट 1950 च्या आधी तुम्ही महाराष्ट्रात राहत होता आणि महार होता याचा पुरावा आणा. आमचे आज्जे शाळेत गेलेच नाहीत. मग भावकीत कोण गेलेलं ते शोधा. चुलत आज्जे दुसरीपर्यंत शिकलेले असं एका म्हाताऱ्या आत्यानं सांगितलं, त्या गावच्या शाळेत तीन चकरा मारल्या. क्लार्क भला माणूस, माळ्यावरून जनरल रजिस्टर काढलं, पुठ्ठ्याला जुन्या साडीचं कापड लावलेलं, आत वाळवीने नक्षी काढलेली. एकेक पान पोस्टकार्डाने उचलून पलटत होता, हाताने उचललं की भुगा व्हायचा. 1938 च्या पानावर नाव सापडलं, बापाचं नाव सापडलं आणि जातीच्या रकान्यात भोक. भोकाच्या डाव्या अंगाला नुसता 'म', पुढे काहीच नाही. क्लार्क म्हणाला मांग पण असू शकतं, माळी पण असू शकतं, मी कसं लिहून देऊ.

माझी अवस्था विचारा. ज्या शब्दावरून चुलत आज्ज्याला वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसवलं, तो शब्द नीट वाचता यावा म्हणून मी हात जोडून उभा. शेवटी तहसीलमध्ये कोतवालबुकात जन्माची नोंद निघाली, तिथे चार अक्षरं धड होती, 'महार' आणि पुढे 'स' कशाचा तरी. ती नक्कल मिळाल्यावर मी आणि क्लार्कने चहा पिला. पेढे वाटायचे होते खरं तर.

आणि आम्ही बौद्ध, घरात त्या शब्दाला बंदी. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती 1990 ला मिळाल्या, पण दाखल्यावर धर्म बौद्ध आणि जात महार असं दोन्ही लिहावंच लागतं. मुलगा तो कागद बघून म्हणाला, पप्पा, आपण दोन्ही कसे काय? मी म्हणलं ॲडमिशन झाली की सांगतो. चार वर्षं झाली, त्याची डिग्री झाली, अजून सांगितलेलं नाही.

आपला_नम्र

पोतडी, एक शंका, खवचटपणा नाही. मग दाखल्यासाठी जात लागतेच तर पाट्यांवरून काढून उपयोग काय?

पोतडी

दाखला ड्रॉवरमध्ये असतो हो. वर्षातून एकदा काढायचा. पाटीखालून रोज जायचं असतं.

वैशाखी

+1. वाखुसा (वाचनखूण साठवली).

काळा_कोट

निळी शाई, तुमच्या तात्यांचं "कोण आडवतंय" वाचून थांबलो. तालुक्याला वकिली करतो, हे वाक्य आठवड्याला ऐकतो.

कायद्याने बघाल तर स्मशानभूमी वापरायला आडकाठी करणं 1955 पासून गुन्हा आहे. तेव्हा त्याचं नाव अस्पृश्यता गुन्हे कायदा होतं, 1976 च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा झालं, म्हणजे त्याची पण पाटी बदललेली आहे. पुढे 1989 चा ॲट्रॉसिटी, त्यात 2015 ची दुरुस्ती, जी 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, त्यात तर दहन-दफनभूमी, पाणवठा, सामाजिक बहिष्कार हे सगळं स्पष्ट शब्दांत आहे. पण या सगळ्याला अडवणारा माणूस लागतो. आरोपीच्या रकान्यात नाव लागतं. तुमच्या गावात अडवणारा कुणी नाहीच, त्यामुळे केस नाही, आणि केस नाही म्हणजे गावात समता आहे असा अहवाल जातो.

महाडचं तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोले साहेबांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 ला झाला, महाडच्या नगरपालिकेने 1924 ला तळं खुलं केलं. कागदावर कुणी अडवत नव्हतं. तरी पाण्याला हात लागला 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब स्वतः उतरले तेव्हा. मग लगेच गोमूत्र टाकून शुद्धी केली, काही महिन्यांत नगरपालिकेने ठराव मागे घेतला, कोर्टबाजी चालली ती थेट 1937 ला हायकोर्टात संपली. खुलं आहे का नाही हे वापरल्यावरच कळतं. तुम्ही पुढचं सरण नदीवर लावा, मग बघू कोण आडवतंय.

निळी_शाई (धागाकर्ता)

वकीलसाहेब, बोललात बरोबर, पण सरण लावायला घरातलं माणूस जावं लागतं. त्या दिवशी डोकं चालत नाही हो. आबांच्या वेळी एकाने म्हणलं होतं नदीवर नेऊ. दोन चुलतभाऊ म्हणाले आज नको, आज भांडण नको, आधी अग्नी देऊ. मी पण मान हलवली. प्रत्येक घराचं असंच होत आलं असणार.

दप्तरदार

मी ग्रामसेवक म्हणून रिटायर झालोय, एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. वस्तीला अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा निधी असतो, पूर्वीची दलित वस्ती सुधार, तो बहुतेक गावांत गटार, सिमेंट रस्ता आणि हायमास्ट दिव्यात संपतो कारण ते फोटोत दिसतं. स्मशानभूमीचं काम जनसुविधा योजनेच्या निधीतून बसतं. पण आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. अशा ओढ्याकाठच्या जागा सातबाऱ्यावर स्मशान म्हणून नसतातच बऱ्याचदा, कुणाचा तरी गट असतो किंवा नुसती गायरान नोंद. तलाठ्याकडून उतारा आणि भूमी अभिलेखातून गावनकाशा काढा. अर्ज तोंडी देऊ नका, ग्रामसभेत द्या, पोच घ्या आणि इतिवृत्तात विषय आला का ते वाचून मगच सही करा. इतिवृत्त नंतर लिहू म्हणाले तर तिथेच बसून राहा.

अवांतर: पाटीवर सरपंचाचं नाव मोठं लिहायचं कुठल्याही जीआरमध्ये नाही. ते आम्ही उगाच करायचो.

माणदेशी_मेंढका

पॉपकॉर्न घेऊन आलेलो, गप्प बसून वाचतोय. आमची वाडी धनगरांची, आम्ही पण गावाबाहेरच, पण आमचं सरण नदीवर लागतं. याआधी हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

निळी_शाई (धागाकर्ता)

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गेलो, अर्ज लेखी नेलेला. दप्तरदार काकांनी सांगितल्याप्रमाणे उतारा काढला, जागा गायरानच निघाली. अर्जात एकच मागणी होती, नदीवरची शेड सर्व समाजांसाठी आहे असा ठराव करा आणि तसा फलक लावा. तात्या म्हणाले, "आरं ती हायेच की सगळ्यांची, कोण आडवतंय?" मी म्हणलं, मग तेवढंच वाक्य इतिवृत्तात घ्या, कुणी अडवत नाही आणि अडवणार नाही. सभेत चुळबूळ झाली. ग्रामसेवकाने पेन उचललं, तात्यांकडे बघितलं, पेन खाली ठेवलं. मागून कुणीतरी म्हणालं उगाच लिहायचं कशाला, आपापसात काय. मी बसून राहिलो. आमच्यातली चौदा-पंधरा माणसं होती, मातंग वस्तीतले सहा जण आलेले, ते पण बसून राहिले. बाकीची सभा हळूहळू उठली, शेवटी साडेतीनच्या सुमाराला तात्याच म्हणाले, "लिव्ह रं." लिहिलं. माझ्याकडे फोटो आहे.

घरी येऊन चुलतीला सांगितलं, म्हणलं काकी, आता आपल्याला पण शेड. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "बरं केलंस. पर मला न्हिऊ नका तिकडं. आबा वड्यापल्याड हायती, मला त्यांच्याजवळ ठिवा. फकस्त पोरास्नी पाण्यातनं न्हिऊ देऊ नगा."

त्यामुळे दुसरा अर्ज केलाय, ओढ्यावर साकव. पंचायत समितीतून मोजमाप घ्यायला माणूस येणार आहे म्हणे दिवाळीनंतर. आला की कळवतो.